कानातली शिट्टी वाढतेय, आता चमचा पडला तरी दचकते

प्रश्न: डॉक्टर, कानात सतत कुईंऽऽ वाजतं, हल्ली जास्तच, आणि बेसिनमध्ये चमचा पडला तरी डोक्यात कळ जाते. दिवसभर इअरप्लग घालून बसते, चालेल ना?

उत्तर: नाही हो, तेच आधी कमी करा. ड्रिल, फटाके अशा खऱ्या मोठ्या आवाजाला प्लग हवेतच, पण घरात सारखे घातले की मेंदू आवाज ‘वाढवून’ ऐकायला लागतो, मग शिट्टीही जोरात आणि चमचाही. एकदम काढू नका, हळूहळू. रात्री पूर्ण शांतता नको, पंखा किंवा पावसाचा आवाज बारीक लावा, शिट्टी बुडेल इतका मोठा नको, शिट्टीपेक्षा थोडा बारीकच ठेवा. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केलीय का? ऐकू कमी येत असेल तर हिअरिंग एडने बऱ्याच जणांची शिट्टीही सुसह्य होते. सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी, सुचवली तर ‘मला काय वेड लागलंय का’ म्हणून रागावू नका, शिट्टी जात नाही पण तिचा त्रास कमी होतो. गोळ्या-तेलांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. मात्र आवाज एकाच कानात असेल, नाडीसारखा ठोके देत असेल तर लवकर दाखवा, आणि अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी ईएनटीकडे.