पीडित, पिळणे आणि गूळ

ऐरोलीहून एलएलएम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "व्हिक्टिमॉलॉजीला मराठीत बळीशास्त्र म्हणावे की पीडितशास्त्र? आमच्या नोट्समध्ये दोन्ही आहेत. आणि फिर्यादी म्हणजेच पीडित ना?"

व्हिक्टिमॉलॉजी म्हणजे गुन्ह्याची झळ ज्यांना बसली त्यांचा अभ्यास. मराठीत पीडितशास्त्र. त्यातही 'पी' दीर्घ आणि 'डि' ऱ्हस्व. 'पिडीत' हे उलट्या वेलांट्यांचे रूप वाहिन्यांच्या पट्ट्यांवर होतेच, आता ते ठाण्यातल्या फलकांवर आणि वकिलांच्या अर्जांतही स्थिरावले आहे. 'पिडा' आणि 'पिडणे' ही मराठमोळी रूपे ऱ्हस्वच, त्यांना माझी हरकत नाही. पण 'पीडित' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, त्याच्या वेलांट्या हलवू नयेत. 'पीडिता' हा शब्द बातम्यांनी एकाच गुन्ह्यापुरता राखून ठेवला आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

बळी का नको? "अपघातात तिघांचा बळी" म्हटले की तिघे गेले. हुंडाबळी, भूकबळी, सगळीकडे तेच. कायद्यातला पीडित मात्र बहुधा जिवंत असतो आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पायऱ्या चढत असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत 'व्हिक्टिम'ची व्याख्या २००८ च्या दुरुस्तीने आली आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली. आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे: आरोपीच्या कृतीमुळे किंवा त्याने करायचे ते न केल्यामुळे ज्याचे नुकसान झाले किंवा ज्याला इजा झाली तो, आणि त्याचा पालक किंवा कायदेशीर वारससुद्धा. म्हणजे खून बापाचा झाला तरी मुलगा पीडित. त्या मुलाला 'बळी' म्हणून पाहा, तेराव्याच्या आत भांडण होईल.

जिवंत माणसाला बळी म्हणायची मराठीत एकच सोय आहे, 'बळी पडणे'. आणि माझा खरा राग तिच्यावर आहे. सोसायट्यांच्या फाटकांवर "आमिषाला बळी पडू नका" असे फलक असतात. या वाक्यात क्रिया कोण करतो? पडणारा. लुबाडणारा वाक्यातून पसार! "भामट्याने आजोबांना लुबाडले" म्हटले की गुन्हेगार कर्ता होतो. "आजोबा आमिषाला बळी पडले" म्हटले की आजोबाच आरोपी, फक्त हातकडी घालायची राहिली.

गंमत अशी की हे शास्त्र जन्मले तेव्हा ते याच व्याकरणाने विचार करत होते. रुमानियाचा वकील बेंजामिन मेंडेलसोन याने पीडितांच्या सहा पायऱ्या लावल्या, संपूर्ण निर्दोष इथपासून गुन्हेगाराहून जास्त दोषी इथपर्यंत, आणि शेवटी खोटाच पीडित. हान्स फॉन हेंटिगचे १९४८ चे पुस्तकही गुन्हा घडण्यात पीडिताचा हात किती हेच शोधत होते. १९५८ मध्ये मार्विन वोल्फगँगने फिलाडेल्फियातल्या ५८८ खुनांचा अभ्यास मांडला आणि त्यातल्या २६ टक्क्यांत पहिला हात मयतानेच उगारला होता असे सांगितले. पुढे या मांडणीवर भरपूर टीका झाली, विशेषतः बलात्काराच्या खटल्यांत तिचा कसा वापर होतो यावरून. मग गाडी पीडिताच्या दोषाकडून त्याच्या हक्कांकडे वळली. २९ नोव्हेंबर १९८५ चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा त्या वळणावरचा. त्या वळणाआधीच्या शास्त्रालाच तुम्हाला 'बळीशास्त्र' म्हणायचे असेल तर मी आडवा येणार नाही.

नौपाड्यातले माझे एक स्नेही, निवृत्त सरकारी वकील, 'बळी'साठी हटून बसतात. त्यांचे म्हणणे, इंग्रजी शब्द ज्या लॅटिन 'विक्टिमा'वरून आला त्याचा अर्थच यज्ञपशू, तेव्हा बळी हेच नेमके भाषांतर. अहो, पण इंग्रजीला ती वेदी विसरून तीन शतके झाली. आपण कुठे विसरलोय? वर त्यांना ओव्हिडचा आधार हवा असतो. विजयी हाताने पाडला तो 'विक्टिमा', असे त्या रोमन कवीने ऐटीत सांगून ठेवले आहे. कवींच्या व्युत्पत्त्या यमकापुरत्या खऱ्या असतात. स्नेह्यांचा दुसरा मुद्दा काकबळीचा: त्यात कोण मरते? भात मरत नाही हे कबूल. पण उरतो का?

आता मूळ मुद्दा, म्हणजे माझा. 'पीडित' शब्द जड आहे, पुस्तकी आहे, असे म्हणणाऱ्यांनी धुणे पिळताना जरा विचार करावा. संस्कृत 'पीड्' म्हणजे दाबणे, पिळून काढणे. दोन स्वरांमधला 'ड' मराठीत येताना 'ळ' होतो: गुडाचा गूळ, तडागाचे तळे, षोडशाचे सोळा, दाडिमाचे डाळिंब. तसेच पीडनाचे पिळणे! ही खोड मराठीने नव्याने लावून घेतलेली नाही. ऋग्वेदाचा पहिलाच शब्दसमूह 'अग्निमीळे' आहे, 'ईडे'चे 'ईळे'. तेव्हा पीडित आणि पिळलेला ही सख्खी भावंडे. पिळवणूक त्यांच्याच घरातली, काळीज पिळवटणेही. सुंभ जळाला तरी न जळणारा पीळ तोच. मराठीने तर एकाच धातूची दोन क्रियापदे ठेवून घेतली, पिडणे आणि पिळणे, आणि कॉलेजातली मुले कंटाळवाण्या माणसाबद्दल "फार पिळतो" म्हणतात तेव्हा दोन्ही अर्थ एकदम लागतात. संस्कृतात लग्नालाही 'पाणिपीडन' असा शब्द आहे, म्हणजे हात दाबून धरणे. यावरचे विनोद वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर करावेत.

म्हणून पीडित हा शब्द मला नेमका वाटतो. पिळला म्हटले की पिळणारा असणारच, तो वाक्यातून पसार होऊ शकत नाही. आणि पिळलेला माणूस उरतो. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आयाबहिणी ओवाळताना काय म्हणतात? "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो." पिडा जायला हवी आणि बळी यायला हवा. तो बळी राजा आहे. त्याच्या नावाला गुन्ह्याच्या रजिस्टरात ओढायचे कारण नाही.

हां, फिर्यादी. फिर्याद हा फारसी शब्द, अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. ती कोणीही मारू शकते. ठाणेनगर पोलीस ठाण्यात (हे नाव लिहिताना मला दर वेळी मजा वाटते, दोन्ही ठाणी एकाच 'स्थाना'ची) खुनाची फिर्याद शेजाऱ्याने दिली तर शेजारी फिर्यादी, मयताची बायको पीडित. कोणीच पुढे आले नाही तर सरकारतर्फे फिर्याद देणारा हवालदार फिर्यादी, आणि त्याला कोणी पीडित म्हणत नाही, ड्यूटीचे तास कितीही असोत. नवी संहिताही 'खबर देणारा किंवा पीडित' असे दोघांना वेगळे धरते: एफआयआरची प्रत विनामूल्य द्यायची ती या दोघांपैकी कोणालाही, तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवायचे तेही तसेच. आरोपी सुटला तर अपील करण्याचा हक्क मात्र पीडिताचा, निव्वळ फिर्याद दिली म्हणून तो मिळत नाही. तुमच्या नोट्समध्ये या दोघांच्या मध्ये बरोबरीचे चिन्ह असेल तर ते खोडा.