नावातला मधला माणूस

दोहा, शुक्रवार सकाळ

चि. सोनू हीस अनेक आशीर्वाद.

फोनवर नवे खाते उघडताना तू माझे नाव गाळलेस, ते आजीने पाहिले आणि "बापाचं नाव कुठे गेलं?" असे विचारून ती दोन दिवस अबोला धरून बसली, असे तू लिहिले आहेस. त्याखाली तुझा प्रश्न आहे : आपल्यात वडिलांचे नाव मध्ये लावतातच कशाला, आणि ते काढले तर मी कमी मराठी होते का?

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. होत नाहीस. बडोद्याला दांडिया बाजारात आपल्या शेजारची गुजराती मंडळीही स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असेच लिहितात. ही रीत एकट्या मराठी माणसाची नाही. इथे दोह्यात तर मला गंमतच आढळली. कतारी माणसाच्या नावात स्वतःच्या नावामागून वडिलांचे, मग आजोबांचे आणि शेवटी घराण्याचे नाव येते, त्यामुळे परवान्याच्या खिडकीवरच्या कारकुनाला माझे नाव समजावून सांगावे लागले नाही. अडचण झाली ती आमच्या कामावरच्या संगणकाची. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि माझे व माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र असते; संगणकाने ते सगळेच माझे नाव मानले. अण्णांना जाऊन नऊ वर्षे झाली, तरी दर आठवड्याच्या पत्रात कंपनी मला त्यांच्यासकट नमस्कार करते. दुरुस्ती करून घेता आली असती, पण मी ती मागितली नाही.

आता पहिला भाग. तुझे नाव तुझ्या पणजीचे आहे. बारशाला बायकांनी तुला पाळण्याखालून आणि वरून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत फिरवले आणि आत्याने ते नाव तुझ्या कानात सांगितले, तेव्हा ते आधी कुणीतरी वापरलेले आहे हाच त्याचा मोठेपणा होता. तेच नाव फोनमध्ये घालताच त्याने तुला काय सांगितले? 'हे नाव आधीच घेतलेले आहे.' मग तू त्यापुढे चार आकडे जोडलेस. मला वाटते, खरा फरक इथे आहे. आपल्याकडे एकाच नावाची दहा माणसे असणे गृहीत धरलेले होते, आणि त्यांतली ही कोणाची, एवढे सांगण्यापुरते वडिलांचे नाव मध्ये येई. फोनला मात्र जगात दुसरी कोणी नसलेली अशी एकच तू हवी असते, आणि ती कोणाची आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पुढे नवरात्रात तू गरब्याचे व्हिडिओ किती वेळ पाहिलेस, बोट कुठे थांबले, यांवरून तो तुझी आवड ठरवतो, तेच तुला पुन्हा पुन्हा दाखवतो, आणि काही महिन्यांनी 'मी अशीच आहे' असे तूही म्हणू लागतेस. याचे मला नावापेक्षा अधिक भय वाटते.

मात्र नाव बाहेरून बदलून देणे ही फोनची नवी करामत नव्हे. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा 1875 साली बडोद्यात आला, महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव झाला. गादीवर त्या नावाचे दोघे आधी बसून गेले होते, म्हणून हे तिसरे. त्यांच्या नावालाही आकडा आहे, पण तो मागे कोण होऊन गेले ते सांगतो. तुझ्या नावापुढचे चार आकडे कोणालाच ओळखत नाहीत. सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई वारल्यावर दुसऱ्या राणीचेही नाव चिमणाबाईच ठेवण्यात आले. आज वाचताना हे मला क्रूर वाटते. तरी या दुसऱ्या चिमणाबाईंनी 1911 साली भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि 1927 साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. उसन्या नावात त्यांनी स्वतःला कसे बसवले असेल, हे मला नीट सांगता येणार नाही.

आजीच्या रागाकडेही याच दृष्टीने पाहा. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले, आणि एका दुपारीत तिचे स्वतःचे नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदलली. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारा शेवटचा माणूस तिचा थोरला भाऊ होता. तो गेल्यापासून ते नाव कोणी उच्चारत नाही. तिला कोणी विचारले नव्हते. आणि तू अंगठ्याच्या एका स्पर्शाने एक नाव पुसून टाकलेस. तिला माझा अपमान खटकला की तुझी मोकळीक, हे तिलाही सांगता येईल असे नाही.

रीत सदोष आहे, हे मी लपवत नाही. तुला वाढवले आईने, आणि तुझ्या नावात तिचा पत्ता नाही. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे सक्तीचे केले. बडोदे गुजरातेत असल्यामुळे तो नियम तिथे लागू नाही, पण फोनच्या खात्याला कोणत्याच राज्याचा नियम लागत नाही. तेव्हा मधली जागा रिकामीच ठेवणार असलीस तर ठेव, भरणार असलीस तर आईचे नाव घाल. मला राग येणार नाही. शाळेच्या दाखल्यावरचे नाव मात्र बारावी होईपर्यंत हलवू नकोस, कारण एका अक्षराच्या फरकासाठी पुढे प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आजीशी आज संध्याकाळी तूच आधी बोल, आणि तिला तिचे माहेरचे नाव विचार. आत्या रविवारी आली तर बारशाला तुझी कोणकोणती नावे ठेवली होती तेही विचारून मला कळव. चार ठेवली होती. मला तीनच आठवतात.

तुझा
बाबा