खारपाण पट्ट्यात सहा माणसांच्या घरी गरम पाण्यासाठी काय बसवावं?

प्रश्न असा आहे : "गाव दर्यापूर तालुक्यात. घरात सहा माणसं, पाणी बोअरचं. जुना तांब्याचा बंब गळायला लागला. दुकानदार म्हणतो २०० लिटरचं स्टील टाकीवालं सोलर घ्या, जावई म्हणतात गिझर घ्या. काय घ्यावं, किती लिटरचं, कोणत्या कंपनीचं?"

भाऊ, 'स्टील टाकीवालं' हे दोन शब्द वाचले आणि बाकीची कामं बाजूला ठेवली.

दर्यापूर म्हणजे भर खारपाण, जमिनीतलं पाणीच खारं असलेला पट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशी ही पट्टी पसरली आहे. इथे सोलर की गिझर हा वाद मागाहून घाला. आधी पाणी पाहा. तुमच्या वापराला शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी आहे की निव्वळ बोअरचं, यावर टाकी कशाची घ्यायची ते ठरतं. दुकानदार हे विचारत नाही, कारण त्याच्याकडे एकाच जातीची टाकी पडून असते.

तीन हिवाळे वापरलेली, २०० लिटरची, ३०४ ग्रेड स्टीलची एक टाकी उघडली होती. तक्रार एवढीच, की टाकीच्या बाहेरच्या पत्र्याच्या भोकातून थेंब थेंब गळतं. पत्रा काढला. आतलं पफ, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा फेस, पिवळं आणि टोस्टसारखं कडक असायला पाहिजे. ते तपकिरी झालं होतं, दाबलं की खारं पाणी सुटायचं. ते खरवडून आतली टाकी मोकळी केली तर स्टील आरशासारखं लखलखीत. गंजाचा डाग नाही. फक्त वेल्डिंगच्या कडेला तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी भोकं, भोवती तांबूस कडं, आणि त्यावर मिठाची पांढरी दाढी वाढलेली. दुकानदाराचं म्हणणं ठरलेलं : "स्टीलला गंज येतच नाही. मिस्त्रीनं पाईप जास्त आवळला." अहो, जास्त आवळलं तर सॉकेटपाशी चीर जाते. सॉकेट टाकीच्या एका टोकाला आणि भोकं मधल्या जोडावर! पाना तिथवर पोचला कसा?

झालेलं असं असतं : स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ कातडीमुळे. पाण्यातलं क्लोराइड ती कातडी एखाद्या ठिकाणी फोडतं. वेल्डिंगच्या आचेनं जिथे रंग बदललेला असतो तिथे ती आधीच कच्ची असते. पाणी गरम असलं की हे काम भरभर होतं. आणि एकदा भोक धरलं की ते खोलच जात राहतं, बाजूचं स्टील तसंच चकचकीत राहतं. स्वस्त टाक्यांचा आतला पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, त्याला पार व्हायला किती वेळ लागणार? वरून वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात असतं, की खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. म्हणजे ज्यानं कार्ड छापलं त्याला हे माहीत होतं.

तेव्हा आधी पाण्याचं क्लोराइड तपासून घ्या. जलजीवन मिशनची तपासणी पेटी ग्रामपंचायतीत असते, तिच्यात क्लोराइड आणि कठीणपणा दोन्हींची तपासणी होते. नाहीतर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटली द्या. लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड निघालं तर गरम पाण्याला ३०४ स्टील घेऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या मानकात २५० मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत. म्हणजे माणसाला चालणारं पाणी टाकीला चालेलच असं नाही. 'सॉफ्टनर लावा, सगळं ठीक होते' असं कोणी म्हणेल. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. चुना धरायचा थांबतो, क्लोराइड जसंच्या तसं राहतं. पाईपावर बांधायच्या लोहचुंबकाबद्दल तर बोलतच नाही.

मग टाकी कोणती? आतून काचेचा मुलामा असलेली, म्हणजे इनॅमलची, आणि तिच्यात मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड असलेली. अ‍ॅनोड ही दांडी टाकीच्या ऐवजी स्वतः झिजते. खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते, म्हणून दर दिवाळीला बाहेर काढून पाहायची. अर्धी झिजली किंवा मधली तार दिसायला लागली की बदलायची. हे न करणाऱ्यानं इनॅमलचे पैसे पाण्यात घातले समजा. आणताना टाकी आदळली तर आतला मुलामा टवकतो आणि बाहेरून काही कळत नाही, त्यामुळे ट्रॉलीत खाली पोती घालून आणा. ३१६ एल हे वरच्या ग्रेडचं स्टीलही ३०४ पेक्षा बरं, पण ते बिलावर लिहून घ्या. नुसतं 'एसएस' लिहिलं तर ते ३०४ समजायचं.

याहून सोपा उपाय शहानूरचं पाणी असेल तर आहे. सोलरला थंड पाणी पुरवायला ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा आणि तिच्यात फक्त नळाचंच पाणी सोडा. बोअरचा पाईप तिकडे जोडूच नका. 'नळ नाही आला तर असू द्या' म्हणून मध्ये एक व्हॉल्व्ह बसवतात, आणि पुढे तो कायम उघडाच राहतो.

आता माप. आंघोळीला माणशी २० लिटर, ४० अंशांचं. जानेवारीत टाकीतलं पाणी १८ अंश आणि सोलरचं ६० धरलं तर त्या वीस लिटरात गरम साधारण साडेदहा लिटर लागतं. सहा माणसांना ६३. भांड्याधुण्याला वीस-पंचवीस धरा. १०० लिटरचं पुरतं. २०० लिटरचं दुकानदाराला पुरतं. लेकी-जावई दिवाळीला आठ दिवस राहतात म्हणून वर्षभर दुप्पट टाकी डोक्यावर कशाला?

१०० लिटरला ५८ मिलिमीटर जाडीच्या, १८०० लांबीच्या, उन्हानं पाणी तापवणाऱ्या दहा काचेच्या नळ्या येतात. तोंड दक्षिणेला, आणि डिसेंबरात सकाळी नऊ ते तीन सावली नको. कडुनिंब आज ठेंगणा असेल, पाच वर्षांनी नसेल. सोलरच्या टाकीचा माथा स्लॅबपासून साडेपाच-सहा फुटांवर येतो. थंड पाण्याच्या टाकीचा तळ त्याहून फूटभर वर पाहिजे, म्हणजे सात फुटांचा ओटा किंवा अँगलचा स्टँड. गावात निम्मी सोलरं इथेच फसतात. टाकी स्लॅबवरच ठेवलेली असते आणि मग 'सोलर भरत नाही' अशी ओरड.

एअर व्हेंटचा पाईप थंड पाण्याच्या भरलेल्या टाकीच्या पातळीहून फूटभर वर न्यायचा आणि वर एल्बो लावून तोंड खाली करायचं. तो जीआयचाच घ्या, भिंतीला दोन क्लॅम्पनी बांधा. प्लास्टिकच्या पाईपाला वानर झोका घेते. त्याच्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं आणि खालून कोणी गरम पाणी काढलं, तर आत हवा जायला वाट राहत नाही आणि टाकी बाटली चोखल्यासारखी आत बसते. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी वापरा, साधा पांढरा यूपीव्हीसी नरम पडून वाकतो. पाऊण इंची लाइन न्हाणीपर्यंत तीस फूट गेली तर सकाळी पहिलं अडीच लिटर थंडच येणार, ते बादलीत धरा.

नळ्या पहिल्यांदा भरायच्या त्या सकाळी उजाडताना किंवा दिवस मावळल्यावर. दुपारी तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी गेलं की ती तडकते. एक नळी फुटली की टाकी त्या भोकातून रिकामी होते, म्हणून एक जादा नळी आणि दोन रबरी रिंगा घरात ठेवा. वानरांसाठी नळ्यांच्या वर फूटभर अंतरावर जाळीची चौकट करा. एका नळीत अडीच-तीन लिटर पाणी मावतं. वर्षाकाठी एक नळी काढून तळाशी गाळ आहे का पाहा, असेल तर शंभर ग्रॅम लिंबूसत्व घालून रात्रभर ठेवा आणि ब्रशनं धुवा. मार्चनंतर नळ्यांवर तरटं टाका. पाणी मात्र काढून टाकू नका, उन्हाळ्यात रिकाम्या नळ्या तापून रबर भाजतं.

जावईबापूंचा गिझर. दोन किलोवॅटचा, १५ लिटरचा गिझर २३० व्होल्टला अठरापासून पन्नास अंशांवर सतरा मिनिटांत नेतो. गावठाण फीडरच्या, म्हणजे गावाच्या विजेच्या लाइनच्या, टोकाच्या घरात १८० व्होल्ट मिळाले तर तोच गिझर सव्वाबाराशे वॅटचा होतो आणि सत्तावीस मिनिटं घेतो. सहा माणसं ओळीत उभी राहिली की हिशेब करा. इन्स्टंट गिझर अशा लाइनवर नुसतं कोमट करतो. घेतलाच तर आयएसआय मार्क, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा) हवाच. खारपाणाच्या जमिनीत अर्थिंगचा पाईप लवकर खातो. वर तार शाबूत दिसते, खाली पाईप उरलेला नसतो. टाकीचा नियम गिझरलाही तोच.

गॅस गिझर बंद न्हाणीत लावायचा नाही, बाहेरच्या भिंतीवरच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आतला माणूस झोपल्यासारखा जातो.

अनुदानाचा घोळही मिटवून घ्या. पीएम सूर्यघरचे ७८,००० पर्यंत मिळतात ते छतावरच्या विजेच्या पॅनेलला, पाणी तापवायच्या सोलरला नाहीत. पॅनेल बसवणारच असाल तर मात्र जावयांचं म्हणणं वजनदार होतं.

आणि हो, हे सगळं खारपाणापुरतं. वणी, पुसदकडे पाणी गोडं असेल तर ३०४ टाकी खुशाल घ्या. तिथे त्रास झाला तर चुन्याचा. दुकानदारानं तरीही स्टीलच म्हटलं तर त्याला सांगा, आमच्या पाण्याचा क्लोराइडचा आकडा वॉरंटी कार्डावर लिही आणि खाली सही कर. पेन हातात घेतो का पाहा.

बंब मोडीत देऊ नका. ढगाळ आठवड्यात तोच लागतो. बहुतेक वेळा मधल्या नळकांड्याचा तळाचा जोड सुटलेला असतो, तांबट झाळून देतो. जळणाला तुराट्या घ्या. पऱ्हाटीचे ढीग घरामागे साठवले की त्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. आणि आधी पाणी, मग जाळ. कोरडा तापला की झाळ वितळते आणि तांबटाकडची फेरी पुन्हा.