गडग्यापलीकडून आलेलं वाक्य

देवगड, मे अखेर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यावर ती मेल मी दोनदा वाचली. लंडनच्या ग्राहकाने लिहिलंय काय, तर आंब्याची पेटी उघडताना त्याच्या माणसाने ‘रिमार्क्ड दॅट’ फळ गेल्या खेपेपेक्षा जरा लहान आहे. आणि तू दीड पानाचा माफीनामा पाठवून वर सूटही देऊन बसलास! अरे, त्याने तक्रार केलीच नव्हती. फळात साका निघाला असता, म्हणजे आतला गर खराब असता, तर त्याने सरळ ‘कम्प्लेंट’ लिहिलं असतं, फोटो जोडले असते, पैसे परत मागितले असते.

चूक तुझ्या एकट्याची नाही. आपल्याकडे रिमार्क म्हटला की लाल शाईच दिसते. शाळेच्या डायरीत रिमार्क आला की घरी सही कशी मागायची ही धाकधूक, आणि नोकरीत गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा पडला की बढती अडकली. इंग्रजीत या शब्दाच्या पोटात मुळात राग नाही. फ्रेंचमधून तो आला आणि त्याचा गाभा आहे ‘लक्षात येणं’. म्हणून तर ‘रिमार्केबल’ म्हणजे आवर्जून लक्षात घ्यावं असं. नजरेला पडलं ते सहज बोलून दाखवलं, की झाला रिमार्क. शेजारीण गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडून म्हणते, “औंदा माडाक नारळ बरे लागलेत हां,” तेव्हा ती काही नारळ मागत नसते. (आमची मागते, पण ते सोड.)

आपल्या ‘टीका’ शब्दाचंही असंच झालं. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली, म्हणजे तिचा अर्थ उलगडून सांगितला. आज ‘अमक्याची तमक्यावर टीका’ वाचलं की भांडणच डोळ्यांपुढे येतं.

मीही या शब्दापायी हसं करून घेतलंय. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘आय रिमार्क्ड द क्लीनलिनेस ऑफ द क्लासरूम्स.’ मला वाटलं, स्वच्छतेवर ठपका आला. दुसऱ्या दिवशी पोरांना लवकर बोलावून सगळे वर्ग शेणाने सारवून घेतले. जुने गुरुजी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “अरे, साहेबांच्या नजरेत स्वच्छता भरली, असं लिहिलंय ते!” जुन्या वळणाच्या इंग्रजीत रिमार्कच्या पुढे थेट कर्म आलं, तर त्याचा अर्थ नुसतं ‘पाहिलं, ध्यानात आलं’ एवढाच. आता तसं फारसं कोणी लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

तू लिहिताना ‘रिमार्क्ड दॅट’ किंवा ‘रिमार्क्ड ऑन’ एवढं धरून चाल. माणूस आणायचा तर मध्ये ‘टू’ हवा. ‘ही रिमार्क्ड मी’ हे तुझ्या मसुद्यात दोनदा सापडलं, ते खोड. ‘कॉमेंट’ त्याच्या शेजारचाच, पण त्यात मत येतं. ‘प्लीज कॉमेंट’ असं कोणी लिहिलं तर तो तुझ्या उत्तराची वाट बघतोय, गप्प राहून चालणार नाही. ‘पास रिमार्क्स’ मात्र जपून वापर, आपल्या बाजूला त्याचा अर्थ एसटी स्टँडवर पोरींना टोमणे मारणं असाच घेतात. फॉर्मातला ‘रिमार्क्स’चा शेवटचा रकाना म्हणजे आपला शेरा, सांगण्यासारखं नसेल तर मराठी फॉर्मात निरंक लिहितो, तसं तिथे ‘निल’ लिही. कार्यक्रमपत्रिकेतले ‘ओपनिंग रिमार्क्स’ म्हणजे प्रास्ताविक, जे आपल्याकडे कधीच सहज बोलून संपत नाही.

सूट दिलीस ती दिलीस, आता मागे घेऊ नको, लाज जाईल. पण पुढच्या मेलमध्ये एकच ओळ टाक, की यंदा मोहर उशिरा आला, म्हणून या खेपेची फळं थोडी लहान आहेत. हे खरंही आहे आणि त्याला तेवढंच हवं असणार.

काल संध्याकाळपासून समुद्राच्या बाजूला वीज चमकतेय, खळ्यातली आमसुलं आत घेतली. (हा रिमार्क आहे. उत्तर पाठवू नकोस.)

तुझे,
गुरुजी