तेजोमेघांच्या फोटोंचा एच-अल्फा फिल्टर लावून सूर्य पाहता येईल का?

आधी एकच विनंती, तो फिल्टर सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणीला लावू नका. तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, ८० मिमी व्यासाचा, ६०० मिमी फोकल लेन्थचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे, आणि रात्रीच्या फोटोंसाठी घेतलेला ७ नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर हाताशी आहे, तर त्यातून सूर्याच्या ज्वाळा दिसतील का? ज्वाळा दिसणार नाहीत, आणि डोळा जाऊ शकतो. मी सांगलीत तुमच्याच मापाच्या दुर्बिणीतून हायड्रोजन-अल्फात सूर्य बघतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाव एकच असल्यामुळे हा घोळ होतो. एच-अल्फा म्हणजे हायड्रोजनच्या प्रकाशातली लाल रेषा, ती ६५६.२८ नॅनोमीटरला आहे. तुमचा फिल्टर तिच्या आजूबाजूचा ७ नॅनोमीटर, म्हणजे ७० अँगस्ट्रॉमचा पट्टा आत सोडतो. रेषा स्वतः जेमतेम एक अँगस्ट्रॉम रुंद. पट्टा त्याहून फार मोठा झाला की खालच्या फोटोस्फिअरच्या, म्हणजे एरवी दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या झगमगाटात वरचा क्रोमोस्फिअर, म्हणजे ज्वाळा दिसतात तो पातळ थर, बुडून जातो. सूर्यासाठीच्या फिल्टरचा पट्टा म्हणूनच ०.७ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतो, तुमच्या फिल्टरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा.

डोळ्याचं कारण वेगळं आहे. १८०० साली विल्यम हर्शेल सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा तपासत होते. काही काचांतून उजेड कमी यायचा पण डोळ्याला उष्णता जाणवायची. त्याचा माग काढताना त्यांना लाल रंगाच्या पलीकडचे अवरक्त किरण सापडले. रात्रीच्या फोटोंच्या फिल्टरमध्ये हे किरण अडवण्याची खात्री नसते, शिवाय तो बसतो आयपीसजवळ (डोळा लावायच्या भिंगाजवळ), जिथे सगळी उष्णता एकवटलेली असते. तो तडकूही शकतो. आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजतंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

खऱ्या व्यवस्थेत तीन गोष्टी लागतात. उष्णता अडवणारा फिल्टर, मग एटालॉन, मग ब्लॉकिंग फिल्टर. एटालॉन म्हणजे अगदी समांतर बसवलेल्या दोन अर्धपरावर्तक काचा. त्यांच्यातून एकच रंग जातो असं नाही, फणीच्या दातांसारखे ठरावीक अंतरावरचे बरेच अरुंद पट्टे जातात. त्यातला आपला एक दात ठेवून बाकीचे तोडायचं काम ब्लॉकिंग फिल्टरचं. यातला एकही भाग काढून चालत नाही.

तुमच्या दुर्बिणीला सगळ्यात सोपा पडतो तो डेस्टार कंपनीचा क्वार्क, एटालॉन आणि ब्लॉकिंग फिल्टर एकत्र असलेलं यंत्र. तो आयपीसच्या जागी बसतो, नळी कापावी लागत नाही. एटालॉनला जवळजवळ समांतर किरण लागतात, म्हणून त्यात ४.२ पटीचा टेलिसेंट्रिक बार्लो (फोकल लेन्थ वाढवणारं भिंग) आहे, तुमचा एफ/७.५ (फोकल लेन्थ भागिले व्यास) त्यातून एफ/३१.५ होतो. मी डायगोनलच्या (प्रकाश काटकोनात वळवणाऱ्या आरशाच्या) तोंडाशी उष्णतेसाठी यूव्ही-आयआर कट, म्हणजे अतिनील आणि अवरक्त अडवणारा फिल्टर लावतो, तुम्हीही लावा. एक मात्र आत्ताच सांगतो, ६०० मिमीला सूर्याची अख्खी थाळी एकदम दिसत नाही. त्यासाठी फोकल लेन्थ साधारण ४५० मिमीच्या आत लागते. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण कडेची एक ज्वाळा डोळाभर बघण्यातच खरी मजा आहे. आयपीस २५ किंवा ३२ मिमीचा ठेवा, त्याहून लहान घेतला की नुसता धूसर गोळा दिसतो.

क्वार्कला वीज लागते, ५ व्होल्ट, १.५ अँपिअर, चांगली पॉवर बँक पुरते. दिवा पिवळ्याचा हिरवा होईपर्यंत थांबायचं. मागच्या चकतीचा एक खटका म्हणजे ०.१ अँगस्ट्रॉम, आणि प्रत्येक खटक्यानंतर पुन्हा पाच-दहा मिनिटं. पहिल्या दिवशी मी घाईघाईने चकती फिरवत बसलो आणि लाल वर्तुळाशिवाय काही दिसेना. दुसऱ्या दिवशी एक खटका फिरवून चहा करून आलो, डोक्यावर काळं कापड घेतलं, आणि कडेला वडाच्या पारंब्यांसारखे धागे खाली उतरताना दिसले. वीस मिनिटांनी पाहिलं तर त्यातला एक तुटला होता.

जुनी कोरोनाडो पीएसटी (सूर्यासाठीची छोटी तयार एच-अल्फा दुर्बीण) घेऊन तिचा एटालॉन मोठ्या रिफ्रॅक्टरला बसवणारेही आहेत. काम सुंदर होतं, पण पीएसटीचा उष्णता अडवणारा थर तिच्या पुढच्या भिंगावरच असतो. ते भिंग काढलं की संरक्षण गेलं, त्या जागी दुसरा फिल्टर घातल्याशिवाय डोळा लावायचा नाही. जुन्या नगात आतला फिल्टर धुरकटलेला नाही ना, हेही बघून घ्या. पहिलंच यंत्र असेल तर या वाटेला जाऊ नका.

फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, काढूनच ठेवा. एकदा माझ्या फाइंडरचं झाकण राहून गेलं होतं, शर्टाची बाही करपल्याचा वास आला तेव्हा कळलं.

आपल्या भागात सकाळचे दोन तास सोन्यासारखे. साडेनऊनंतर गच्चीचा स्लॅब तापतो आणि सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलते. मी तिपाईखाली ओलं गोणपाट पसरतो, अर्धा तास जास्त मिळतो. अंगण असेल तर मातीवरच उभे राहा. पावसाळ्यात सगळं सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात.

आणखी एक गोष्ट, ती मला फार जवळची वाटते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात याच विल्यम हर्शेलांचे नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) घेऊन जमखंडीला आले होते. सांगली-मिरजेसारखंच तेही पटवर्धनांचं संस्थान. ढगांच्या फटीतून त्यांना ज्वाळेच्या प्रकाशात वेगवेगळ्या ठळक रेषा दिसल्या, लाल, नारिंगी आणि निळी. त्यातली लाल म्हणजे तुम्ही शोधताय तीच. त्यांना त्यासाठी ग्रहण लागलं, आपल्याला गच्ची पुरते.

यंत्र घेण्याआधी एकदा डोळ्याने बघायचं असेल तर सांगलीला या, दिवाळीनंतर, सकाळी आठच्या आत. तुमची दुर्बीण घेऊनच या, माझा क्वार्क तिला लावून बघू.