ड्रॅग ट्रकला टर्बो कोणता? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे २००६ चा डॉज रॅम २५०० आहे. ५.९ लिटर कमिन्स इंजिन, ४८आरई गिअरबॉक्स, माझ्यासकट वजन ७,००० पौंड. आउटलॉ डिझेल सुपर सिरीज या ड्रॅग शर्यतींच्या ७.७० इंडेक्स वर्गात उतरायचं आहे. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, ८० मिमीचा टर्बो लावून टाक, पुढेही कामाला येईल. लावू का?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : नको. ७५ मिमीवर थांबा (हे माप टर्बोच्या कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाच्या तोंडाचं). १/८ मैल ७.७० सेकंदांत म्हणजे पाव मैलाला साधारण १२ सेकंद, आणि तेवढ्यासाठी ७,००० पौंडांच्या गाडीला ८०० एचपीच्या आसपास पुरतात. इंडेक्स वर्गात ठरलेल्या वेळेच्या, इथे ७.७० च्या, आत पोचलात की ब्रेकआउट, म्हणजे फेरी हातची गेली. तेव्हा राखीव ताकद इथे उपयोगाची नाही, दर वेळी सारखाच सुटणारा ट्रक हवा.

आता हवेचा हिशेब. एका एचपीमागे डिझेल इंजिन तासाला सुमारे ०.३८ पौंड इंधन खातं. हवा-इंधन प्रमाण १८:१ धरा. त्याखाली गेलात की धूर आणि एग्झॉस्टचं तापमान दोन्ही भराभर चढतात. ८०० × १८ × ०.३८ ÷ ६० म्हणजे मिनिटाला ९१ पौंड हवा. ही हवा ३५९ घनइंचांच्या इंजिनात ३,८०० आरपीएमला भरायची आहे. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर हवेने किती भरतो ते) ९० टक्के आणि इंटरकूलरनंतरची (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतरची) हवा ६५ अंश सेल्सियस धरली, तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये एकूण ५८ पीएसआय दाब लागतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब वजा करून गेजवर ४३. हाच बूस्ट. इंटरकूलर आणि पाइपात जाणारे २ पीएसआय एकूण ५८ मध्ये मिळवा. फिल्टरमुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी १४.७ ऐवजी १४.२ उरतात. ६० भागिले १४.२, प्रेशर रेशो (कॉम्प्रेसरने हवेचा दाब किती पट केला ते) ४.२.

हा बिंदू बोर्गवॉर्नर एस४७५ या ७५ मिमीच्या टर्बोच्या कॉम्प्रेसर मॅपवर, म्हणजे हवेचा प्रवाह आणि प्रेशर रेशो यांच्या आलेखावर, मांडा. तो वरच्या टोकाजवळ पडतो, पण आत पडतो. नंतर २,५०० आरपीएमचा बिंदूही मांडा. हे बहुतेक जण करतच नाहीत. ८० मिमीच्या मॅपवर तो डावीकडे सर्ज रेषेकडे सरकतो, जिच्या पलीकडे हवा कॉम्प्रेसरमधून उलटी फिरते. शिवाय टर्बोच्या जड चाकाला स्टार्ट लाइनवर बूस्ट धरायला वेळ लागतो, आणि तो वेळ दर फेरीला वेगळा लागतो. इंडेक्स वर्गात नेमकं हेच परवडत नाही.

टर्बाइन चाक, म्हणजे एग्झॉस्टने फिरणारं चाक, ८७/८० (दोन बाजूंचे व्यास, मिमीत), त्याची हाउसिंग टी४ फ्लँजची, दोन कप्प्यांत विभागलेली, ए/आर १.०० घ्या (हा आकडा मोठा तितकी वाट मोकळी). या सहा सिलिंडरांचा फायरिंग ऑर्डर (पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४ असल्यामुळे पुढच्या तिघांचे आणि मागच्या तिघांचे धक्के आलटून पालटून येतात. विभागलेलं मॅनिफोल्ड आणि विभागलेली हाउसिंग ते वेगळे ठेवतात म्हणून टर्बो लवकर जागा होतो. टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल (ब्रेक धरून इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा) टर्बो ठरल्यावरच निवडा. मोठ्या एकेरी टर्बोला २,४००-२,६०० च्या घरातला लागतो.

आणि इंधनाचं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ८०० एचपीला तासाला १६० लिटरच्या वर डिझेल जातं, म्हणजे ३,८०० आरपीएमला दर फवाऱ्याला सुमारे २४० घन मिमी. त्या वेगात क्रँकचे २५ अंश जेमतेम १.१ मिलिसेकंदात संपतात. नोझल लहान असेल तर ट्यूनर फवाऱ्याचा कालावधी लांबवतो, इंधन उशिरा जळतं, उष्णता टर्बाइनमध्ये जाते आणि बोल टर्बोला लागतो. मूळचा सीपी३ इंधन पंप साधारण ५००-५५० एचपीनंतर रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणारा इंधनाचा दाब) धरू शकत नाही. तेव्हा आधी पंप आणि इंजेक्टर, मग टर्बो.

प्रश्न : एस४७५ बसवला आहे, टर्बाइन ८३/७४, हाउसिंग ०.९०. बूस्ट ४५ पीएसआय दिसतो, पण ३,२०० आरपीएमनंतर ट्रक ओढतच नाही. एग्झॉस्ट मॅनिफोल्डला गेज लावलं तर ७० पीएसआय! कॉम्प्रेसर कमी पडतोय का?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : गेज लावलंत हे उत्तम केलंत, अर्धं निदान तिथेच झालं. कॉम्प्रेसर ठीक आहे, अडलंय टर्बाइनच्या बाजूला. ७० ला ४५ म्हणजे ड्राइव्ह प्रेशर (टर्बाइनच्या आधीचा एग्झॉस्टचा दाब) बूस्टच्या दीडपटीहून जास्त. शर्यतीच्या ट्रकवर टॉप एंडला हे गुणोत्तर १:१ च्या जवळ असावं, १.२-१.३ पर्यंत चालतं. तुमच्याकडे जळालेला वायू बाहेर पडू शकत नाही, सिलिंडरमध्येच उरतो आणि ताज्या हवेची जागा अडवतो. बूस्ट म्हणजे इंजिनने न घेतलेल्या हवेचा दाब, त्यामुळे तो आकडा गेजवर छान दिसतो आणि ताकद मात्र मिळत नाही.

आधी स्वस्तातला उपाय : हाउसिंग १.०० किंवा १.१० करा. गुणोत्तर तरीही १.३ च्या वर राहिलं तर ८७/८० चाक. वेस्टगेट (जादा एग्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) नसेल तर ५०-६० मिमीचा एक्स्टर्नल वेस्टगेट लावा, पण त्याचा पाइप मॅनिफोल्डच्या दोन्ही कप्प्यांतून घ्या. एकाच कप्प्यातून घेतला तर तीन सिलिंडर मोकळे होतात, बाकी तीन कोंडलेलेच राहतात.

गेजची नळी थेट जोडू नका. मॅनिफोल्डपासून दोन-तीन फूट स्टीलची किंवा तांब्याची नळी वेटोळी करून न्या, नाहीतर गेज भाजून निघेल. पायरोमीटरचा (एग्झॉस्टचं तापमान मोजणाऱ्या गेजचा) प्रोब मात्र टर्बाइनच्या आधीच हवा.

प्रश्न : मित्राचा ७५ मिमीचा सेटअप टेक्सासात उत्तम चालतो. तोच कोलोराडोत ५,८०० फुटांवर चालेल?
— एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : त्याच ताकदीला नाही. तिथे हवेचा दाब ११.८ पीएसआयच्या आसपास असतो, फिल्टरनंतर ११.३. इंजिनला तेच ६० हवे असतील तर प्रेशर रेशो ५.३ होतो. हे एकेरी टर्बोच्या मॅपच्या बाहेर आहे : चाक ओव्हरस्पीड होतं, हवा तापते आणि शेवटी चाकाला तडा जातो. बूस्ट गेजवर यातलं काहीच दिसत नाही. टर्बो स्पीड सेन्सर लावा, कंपनीने दिलेल्या मर्यादेखाली राहील इतकं इंधन कमी करा, किंवा कंपाउंडकडे, म्हणजे एकामागोमाग हवा दाबणाऱ्या दोन टर्बोंकडे, वळा.

प्रश्न : ६.७० वर्गासाठी ६,५०० पौंडांचा ट्रक. एकेरी की कंपाउंड?
— एक वाचक, इंडियाना

उत्तर : कंपाउंड. ११२५ एचपी धरले तर मिनिटाला १२८ पौंड हवा लागते, आणि ४,००० आरपीएमला ६२-६३ पीएसआय बूस्ट, प्रेशर रेशो ५.६. दोन टर्बोंचे रेशो गुणले जातात : मोठ्याने २.५ आणि लहानाने २.२५ केलं की काम झालं, आणि दोघंही मॅपच्या सुखाच्या भागात राहतात.

मोठ्याला सगळी १२८ पौंड हवा ओढायची असते, म्हणून तो ८८ मिमीच्या आसपास. लहानाला मिळणारी हवा आधीच दाबलेली असते. तापमानाची दुरुस्ती करूनही त्याच्या मॅपवर तो प्रवाह ६० पौंडांच्या आसपासच येतो, म्हणून ६४-६६ मिमी पुरतो. त्याचं टर्बाइन मात्र अख्ख्या इंजिनचा एग्झॉस्ट गिळू शकत नाही. वेस्टगेट मॅनिफोल्डवर बसवून त्याचा पाइप मोठ्या टर्बाइनच्या तोंडाशी सोडा. हवेत सोडलात तर मोठा टर्बो उपाशी राहतो.

६० पीएसआयच्या वर मूळचे हेड बोल्ट टिकत नाहीत. हेड स्टड (जास्त मजबूत बोल्ट) आणि फायर-रिंग (हेड आणि ब्लॉकमधला जोड गळू न देणाऱ्या धातूच्या कड्या) हा खर्च टर्बोच्या बजेटमध्येच धरा.

प्रश्न : एकाच हंगामात दुसऱ्यांदा टर्बोचं थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला मागेपुढे सरकू न देणारं) गेलं. तेल ताजं आहे.
— एक वाचक, टेनेसी

उत्तर : फेरी संपल्यावर पेडल एकदम सोडता का? तेव्हा टर्बो भुंकल्यासारखा आवाज करत असेल तर तो सर्ज आहे. इंजिन हवा घेणं थांबवतं, दाबलेली हवा कॉम्प्रेसरमधून उलटी फिरते आणि शाफ्ट मागेपुढे आपटतो. पेडल दोन टप्प्यांत सोडा, आणि बेअरिंग ३६० अंशांचं घ्या.

मग टर्बोतून तेल परत नेणारा ड्रेन पाहा. तेल केवळ उतारावर खाली येतं, त्यामुळे ड्रेनचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू नये, नळी कुठेही वर चढू नये आणि तिचं दुसरं टोक संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर असावं. जर्नल बेअरिंगच्या (तेलाच्या थरावर फिरणाऱ्या) टर्बोला तेलाच्या फीडमध्ये रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारं अरुंद भोक) घालू नका. तो बॉल बेअरिंगसाठी असतो. कुणी ‘जपून’ म्हणून घातला असेल तर आजच काढा.