गावाच्या लेखन-साइटवर सूचना आल्या, आधी काय हाती घ्याल?

‘रंग बदला, फॉन्ट बदला’ अशा सूचना ढिगाने येतील. त्या खुशाल मागे ठेवा. ‘लिहिलेलं उडालं’ ही तक्रार मात्र त्याच दिवशी घ्या. फोन कुठला, ब्राउझर कुठला, रेंज होती का, एवढंच विचारा. देवगड-राजापूरकडे पावसात लाइट गेली की बऱ्याचदा रेंजही जाते आणि ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर पान कोरं होतं. म्हणून मसुदा दर १० सेकंदांनी फोनच्याच ब्राउझरमध्ये साठवा. सर्व्हरची पोच आल्यावरच पुसा.

इमोजीपाशी मजकूर तुटतो? साइटचा मजकूर साठवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं जुनं ‘यूटीएफ८’ (अक्षरं साठवायची पद्धत) बघा. त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइटच (साठवणीची जागा) मिळतात, बहुतेक इमोजींना ४ लागतात. बॅकअप घेऊन त्याजागी ४ बाइट देणारं ‘यूटीएफ८एमबी४’ करा. आणि हा बदल गणपतीच्या आठवड्यात नको, चाकरमानी गावी आलेले असतात.